नशेवरची लस येतेय म्हणून भावाची ट्रीटमेंट थांबवायची का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. धाकटा भाऊ २६ वर्षांचा, चार वर्षं ब्राऊन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉईन, ओढतोय, दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, दोन्ही वेळा महिना-दीड महिन्यात परत सुरू झालं, आणि आता अमेरिकेत नशेवर लस निघालीये अशी बातमी वाचून आई म्हणतायत की तिसऱ्यांदा पैसे घालवण्यापेक्षा लस येईपर्यंत थांबू, एकच इंजेक्शन आणि विषय संपला. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, गेली २२ वर्षं फक्त व्यसनाचेच पेशंट बघतोय, म्हणून उत्तर आधीच देतो, थांबू नका. एक दिवसही नको. का ते सविस्तर सांगतो, कारण नुसतं नको म्हटलं तर आईंना पटणार नाही, आणि त्यांना आशा वाटली यात त्यांची काहीच चूक नाही.

आधी ही लस करते काय ते समजून घ्या. आपलं शरीर जंतूंना ओळखतं कारण जंतू मोठा असतो, त्याच्या अंगावर प्रथिनं असतात. ड्रगचा रेणू त्यामानाने इतका बारका की प्रतिकारशक्तीला तो दिसतच नाही, म्हणून वर्षानुवर्षं हेरॉईन ओढणाऱ्याच्या शरीरातही त्याच्याविरुद्ध कामाच्या म्हणाव्यात अशा अँटीबॉडी तयार होत नाहीत. मग शास्त्रज्ञांनी केलं काय, तर ड्रगसारखा दिसणारा रेणू एका मोठ्या प्रथिनाला चिकटवला. कधी धनुर्वाताच्या लसीतलं प्रथिन, कधी कॉलऱ्याच्या विषातला निरुपद्रवी भाग. शरीर त्या मोठ्या प्रथिनावर धावून जातं आणि त्याच्या अंगावर बसलेल्या ड्रगलाही ओळखायला शिकतं. ही जोडणी काही नवीन नाही, आपल्या बाळांना मिळणाऱ्या पेंटाव्हॅलंट लसीतला हिब या जंतूविरुद्धचा भाग असाच बनतो, जंतूच्या साखरेच्या कवचाला प्रथिन जोडून, कारण नुसत्या साखरेला तान्ह्या बाळाचं शरीर नीट दाद देत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची मेनॅफ्रिव्हॅक, जी २०१० पासून आफ्रिकेत मेंदूज्वरासाठी दिली गेली, तीही याच तत्त्वावरची, धनुर्वाताचं प्रथिन जोडलेली.

तर लस घेतलेल्या माणसाने नशा केली की रक्तातल्या अँटीबॉडी त्या ड्रगला पकडतात. अँटीबॉडी इतकी मोठी असते की ती मेंदूच्या रक्तवाहिन्यांमधून आत शिरू शकत नाही, आणि तिच्या हातात अडकलेलं ड्रगही बाहेरच राहतं. मेंदूपर्यंत माल पोचला नाही की किक नाही. बस, एवढंच तिचं काम.

आता नीट बघा की यात तलफ कुठेच आली नाही. टर्की, म्हणजे माल बंद केल्यावर अंगात होणारा त्रास, तो नाही, रात्रीची झोप नाही, आईशी भांडण नाही, नाक्यावरचा तो मित्र नाही, दुपारी चार वाजता घरात एकटं असताना जे वाटतं ते नाही. ते सगळं मेंदूत आहे आणि अँटीबॉडी मेंदूत जातच नाही. लस तलफ मारत नाही, नशा अडवते. बातम्यांमध्ये व्यसन बरं करणारी लस असं छापतात तेव्हा हा फरक पुसला जातो आणि मग तुमच्या आईंसारख्या किती जणींच्या मनात ते बसतं, याचा मला खरंच त्रास होतो.

आणि ही कल्पना काल-परवाची नाहीये. १९७४ साली एका माकडावरचा प्रयोग प्रसिद्ध झाला, त्या माकडाला बटण दाबून स्वतःला हेरॉईन किंवा कोकेन घ्यायची सवय लावलेली होती, त्याला मॉर्फिनची लस दिल्यावर (हेरॉईनचं शरीरात मॉर्फिनच होतं) त्याचं हेरॉईन घेणं कमी झालं पण कोकेन मात्र चालूच राहिलं. म्हणजे पहिल्याच प्रयोगात लसीची ताकदही दिसली आणि तिची मर्यादाही दिसली, ज्याची लस तेच अडतं, बाकी दारं उघडीच. पुढे मेथाडोन आणि नाल्ट्रेक्सोन या व्यसनावरच्या औषधांवर सगळ्यांचं लक्ष गेलं आणि हे काम बरीच वर्षं मागे पडलं, १९९० च्या दशकात कोकेनच्या निमित्ताने परत सुरू झालं.

कोकेनची गोष्ट जरा तपशिलात सांगतो कारण सगळ्यात जास्त शिकायला तिथेच मिळालं. टीए-सीडी नावाची लस होती, डॉ. थॉमस कोस्टेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर बरीच वर्षं काम केलं. २००९ साली निकाल आले, ११५ लोक, बारा आठवड्यांत पाच इंजेक्शनं. लस घेतलेल्यांपैकी फक्त ३८ टक्के लोकांच्या रक्तात पुरेशा अँटीबॉडी तयार झाल्या. त्या लोकांच्या लघवीच्या तपासण्या कोकेनमुक्त येण्याचं प्रमाण ४५ टक्के, बाकीच्यांचं ३५ टक्के. फरक आहे, पण तुम्हीच बघा किती आहे, आणि तोही जेमतेम दोन महिने टिकला कारण अँटीबॉडी नंतर उतरत जातात. मग ३०० लोकांवर सहा ठिकाणी मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २०१४ मध्ये आले, आणि जे मुख्य उद्दिष्ट ठरवलं होतं ते गाठता आलं नाही.

असं का झालं, तर हिशोब करून बघा, मी विद्यार्थ्यांना नेहमी हा फळ्यावर करून दाखवतो. पुरेशी पातळी म्हणजे दर मिलिलिटरला ४३ मायक्रोग्रॅम अँटीबॉडी अशी धरली होती. माणसाच्या अंगात साधारण तीन लिटर प्लाझ्मा, म्हणजे रक्तात एकूण १३० मिलिग्रॅमच्या आसपास अँटीबॉडी झाली. ऐकायला भरपूर वाटतं. पण एक अँटीबॉडी वजनाने कोकेनच्या एका रेणूच्या जवळजवळ ५०० पट जड आणि तिला हात दोनच. मग ही १३० मिलिग्रॅम अँटीबॉडी एका वेळी पकडणार किती, तर अर्धा मिलिग्रॅम कोकेन. आणि माणूस एका वेळी ओढतो ते तीस, चाळीस, पन्नास मिलिग्रॅम. धरणाच्या पाण्याला हातरुमाल लावल्यासारखं आहे हे. तरीही थोडा परिणाम दिसला कारण अँटीबॉडी माल मेंदूत जायचा वेग कमी करते आणि किक ही वेगावर असते, पण मनात आणलं तर माणूस जास्त घेऊन ती भिंत ओलांडू शकतो. आणि काहींनी ओलांडली. कोस्टेन यांनीच तेव्हा सांगितलं होतं की काही जणांच्या शरीरात आधी कधी पाहिलं नव्हतं इतकं, दहापट कोकेन सापडलं, किक लागत नाही म्हणून घेतच गेले. तलफ तशीच ठेवून नुसती नशा अडवली की असं होऊ शकतं.

निकोटिनचंही तेच. निकव्हॅक्स नावाच्या लसीच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या, प्रत्येकीत सुमारे हजार सिगारेट ओढणारे, २०११ मध्ये दोन्ही फसल्या. पहिल्या चाचणीत लस घेतलेल्यांपैकी साधारण ११ टक्क्यांनी सिगारेट सोडली आणि नुसतं पाण्यासारखं इंजेक्शन घेतलेल्यांपैकीही तेवढ्यांनीच. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. आपल्याकडे २०१६-१७ च्या सरकारी सर्व्हेत मोठ्या माणसांपैकी २८.६ टक्के तंबाखू कुठल्या ना कुठल्या रूपात घेत होते, आणि मिश्री असो, खर्रा असो, बिडी असो, निकोटिन रक्तातूनच मेंदूत जातं, त्यामुळे ती लस चालली असती तर आपल्याकडे तिचा उपयोग फार मोठा झाला असता.

खाली एकांनी विचारलंय की दारूची लस का नाही काढत. दारूचा रेणू तर कोकेनच्याही सहाव्या भागाएवढा आणि माणूस ती ग्रॅममध्ये पितो, एका क्वार्टरमध्ये साठेक ग्रॅम अल्कोहोल असतं. वरचा हिशोब लावला की कळेल, त्या रस्त्याने ते शक्यच नाही.

आता तुम्ही वाचलेली बातमी. ती बहुतेक फेंटानिलच्या लसीची असणार, फेंटानिल म्हणजे अफूसारखं काम करणारं पण प्रयोगशाळेत बनवलेलं फार जहाल औषध. ह्यूस्टन विद्यापीठात डॉ. कॉलिन हेल यांच्या टीमने २०२२ साली उंदरांवरचे निकाल दिले, लस दिलेल्या उंदरांच्या मेंदूत फेंटानिल पोचणं खूप कमी झालं, वेदना बधिर होणं आणि श्वास मंदावणं अडलं. त्यातलं जोडीचं प्रथिन सीआरएम-१९७ नावाचं आहे, घटसर्पाच्या जंतूच्या विषाचं बिनविषारी रूप, आणि तेच सीरमच्या न्यूमोसिल या न्यूमोनियाच्या लसीतही वापरलंय. इथे वरचा हिशोब पूर्ण उलटतो बघा. फेंटानिल इतकं जहाल की दोन मिलिग्रॅममध्ये माणूस मरू शकतो, आणि ऑपरेशनच्या वेळी भूलतज्ज्ञ देतात ते मिलिग्रॅमच्या दहाव्या-विसाव्या भागाएवढं. १३० मिलिग्रॅम अँटीबॉडी अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर फेंटानिल पकडू शकते, म्हणजे मारणारा डोस आणि पकडायची ताकद आता एकाच मापात आले. अँटीबॉडी जरा जास्त बनली तर ती खरोखर जीव वाचवू शकते. त्यामुळे या लसीबद्दल मला मनापासून आशा आहे, आणि ज्या अमेरिकेत २०२१ आणि २०२२ मध्ये वर्षाला लाखाच्या वर माणसं ओव्हरडोसने गेली, त्यातली बहुतेक फेंटानिलसारख्या कृत्रिम ओपिऑइडमुळे (अफूसारख्या मालामुळे), तिथे लोक तिच्याकडे डोळे लावून बसलेत हे अगदी समजण्यासारखं आहे. तिकडे मुलगा गोळी समजून काहीतरी घेतो, त्यात फेंटानिल असतं, त्याला माहीतही नसतं.

पण तुमचा भाऊ फेंटानिल घेत नाही, ब्राऊन शुगर ओढतो. आपल्याकडच्या पुडीत असतं ते हेरॉईन आणि त्यात मिसळलेलं काहीबाही. हेरॉईनची लस बनवणं फेंटानिलपेक्षा जास्त अवघड आहे, एक म्हणजे डोस मोठा, आणि दुसरं म्हणजे हेरॉईन शरीरात काही मिनिटांतच बदलतं, आधी सहा-असिटिलमॉर्फिन होतं, मग मॉर्फिन, म्हणजे अँटीबॉडीला एक नाही तर तीन चेहरे ओळखता आले पाहिजेत. कॅलिफोर्नियात स्क्रिप्स संशोधन संस्थेत डॉ. किम जांडा यांनी यावर बरीच वर्षं घालवलीयेत, अमेरिकन लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेतही हेरॉईन आणि एचआयव्ही दोन्हींवर मिळून लस करायचे प्रयत्न झालेत. ऑक्सिकोडोन या अफूजन्य वेदनाशामक गोळीची लस मिनेसोटात डॉ. मार्को प्रावेटोनी यांच्या प्रयोगशाळेत तयार झाली आणि न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात माणसांवरच्या पहिल्या टप्प्यात गेली. ब्राझीलमध्ये कोकेनसाठी कॅलिक्सकोका म्हणून लस आहे, २०२३ मध्ये तिला पाच लाख युरोचं बक्षीस मिळालं, तेव्हा तिची खूप बातमी झाली, पण तेव्हाचं सगळं काम प्राण्यांवरचं होतं. आजच्या तारखेला जगात कुठल्याही देशात व्यसनावरची एकही लस मंजूर झालेली नाही. त्यामुळे आपल्याकडे कोणी इंजेक्शनची लस देतो, एकदाच घ्या, अमुक हजार रुपये असं म्हणालं तर तो फसवतोय, तिथून उठून या. पेशंटला न सांगता दारू सोडवा अशा जाहिराती असतात त्यातलाच हा प्रकार. त्या न सांगता द्यायच्या पावडरीत काही वेळा डायसल्फिराम, म्हणजे दारूशी रिअ‍ॅक्शन होणारं औषध, असतं आणि माणूस त्यावर दारू प्यायला तर जिवावर बेतू शकतं.

मग लसीचा उपयोग नेमका कुठे होईल असं मला वाटतं ते सांगतो, कारण ते तुमच्या भावाशी थेट जोडलेलं आहे. काही वर्षांपूर्वी माझा एक पेशंट होता, २४ वर्षांचा. तीन महिने केंद्रात राहिला, वजन वाढलं, चेहरा उजळला, घरच्यांनी सत्यनारायण घातला. आठव्या दिवशी जुन्या मित्राकडे गेला आणि पूर्वी घ्यायचा तेवढाच माल इंजेक्शनने घेतला. पूर्वी तेवढं त्याला पचत होतं, तीन महिन्यांत शरीराची ती सवय गेली होती. बाथरूमचं दार तोडावं लागलं. त्याच्या वडिलांनी मला विचारलं होतं, डॉक्टर, तो तर बरा झाला होता ना. या प्रश्नाला मी आजही नीट उत्तर देऊ शकत नाही. केंद्रातून किंवा जेलमधून बाहेर आल्यावरचे पहिले काही आठवडे हे हेरॉईनच्या पेशंटसाठी सगळ्यात धोक्याचे असतात. घरी सोडायच्या आधी केंद्रातच लसीचे डोस देऊन अँटीबॉडी वर आणून ठेवता आल्या आणि तो एकदा घसरला तर त्या घसरण्याने जीव गेला नाही, एवढं जरी लसीने केलं तरी मी तिला डोक्यावर घेईन. शिवाय एक चांगली गोष्ट आहे, या लसी ज्या ड्रगसाठी बनवतात साधारण त्यालाच धरतात, ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन, नालोक्सोन या उपचारातल्या औषधांना सोडून देतात. म्हणजे औषधोपचार आणि लस बरोबर चालू शकतील. लस ही ट्रीटमेंटच्या जागी नाही येणार, आली तर ट्रीटमेंटच्या जोडीला येईल.

आणि जोडी म्हणजे काय हे महत्त्वाचं, कारण नुसतं अडवणारं औषध आपल्याकडे आधीपासून आहे. नाल्ट्रेक्सोनची गोळी. रोज घेतली तर हेरॉईनची किक लागत नाही, लस करेल तेच ती करते, फक्त मेंदूत बसून. माझ्याकडे तिच्यावर चांगले राहिलेले पेशंट आहेत, पण बहुतेक जण दोन-तीन आठवड्यांत गोळी थांबवतात. का, तर तलफ आत चालूच असते. काही जण हेरॉईन लागत नाही म्हणून एमडीकडे, म्हणजे मेफेड्रोन या दुसऱ्याच नशेकडे वळले, तेही पाहिलंय. लसीत गोळी चुकवायचा प्रश्न नाही हा तिचा खरा फायदा, पण दुसऱ्या ड्रगकडे वळायचा रस्ता उघडाच राहतो, उलट नाल्ट्रेक्सोन निदान सगळ्याच अफूजन्य मालाला अडवतं, हेरॉईनची लस टॅपेन्टाडॉल या अफूसारख्या वेदनाशामक गोळीला अडवणार नाही.

म्हणून आता माझा तुम्हाला प्रश्न. दोन्ही वेळा केंद्रातून घरी आल्यावर भावाला ब्युप्रेनॉर्फिन चालू ठेवलं होतं का? तुम्ही लिहिलंय त्यावरून मला वाटतंय की नाही, टर्की उतरवली, महिनाभर ग्रुप आणि योगा झाला आणि रिकाम्या हाताने घरी पाठवलं. हेरॉईनच्या बाबतीत असं केलं की बहुतेक जण परत सुरू करतात, हा त्याच्या इच्छाशक्तीचा दोष नाही, मेंदूला चार वर्षं जे लागत होतं ते एकदम काढून घेतलं आणि जागी काही ठेवलं नाही त्याचा परिणाम आहे. ब्युप्रेनॉर्फिन जिभेखाली विरघळवायची गोळी असते, ती तलफ आणि टर्की दोन्ही दाबते, आणि तिचा श्वासावरचा परिणाम एका पातळीनंतर वाढत नाही म्हणून हेरॉईनपेक्षा ती कितीतरी सुरक्षित. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ पासून मेथाडोनबरोबर ती अत्यावश्यक औषधांच्या यादीत ठेवलीये. आपल्याकडे इंजेक्शन घेणाऱ्यांसाठी नॅको या सरकारी एड्स नियंत्रण संस्थेची ओएसटी सेंटर (हेरॉईनऐवजी औषध देणारी केंद्रं) आहेत तिथे ती फुकट मिळते, तुमचा भाऊ ओढतो, म्हणून मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात किंवा व्यसनाचं काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. कुठे जायचं कळत नसेल तर १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा फोन आहे, फुकट आहे. पुण्याजवळ असाल तर मुक्तांगण १९८६ पासून याच कामात आहे, तिथे घरच्या माणसांसाठीही काम चालतं, तुम्ही आणि आई आधी नुसत्या जाऊन आलात तरी चालेल.

आई म्हणतील, एक नशा सोडवून दुसरी लावताय. हे मी रोज ऐकतो आणि रोज तेच सांगतो, डायबेटिसच्या माणसाला इन्शुलिनची सवय लागली असं आपण म्हणत नाही. तुमच्या भावाच्या वयाचे माझे पेशंट गोळीवर आहेत, कोणी रिक्षा चालवतो, एक जण आयटीत आहे, एकाला दोन मुलं आहेत. कोणाची दोन वर्षांत हळूहळू उतरवली, कोणाला पाच लागली, एकाला नववं वर्ष चालू आहे आणि मला त्याची घाई नाही.

आणखी एक, हे आजच करा. डॉक्टरांना नालोक्सोनबद्दल विचारा, ओव्हरडोसमध्ये ते हेरॉईनला मेंदूतून हटवतं आणि श्वास परत सुरू करतं. भाऊ कधी उठवून उठत नसेल, ओठ निळे पडले असतील, घोरल्यासारखा आवाज येत श्वास मंद झाला असेल तर झोपलाय असं समजून सोडू नका. १०८ ला फोन लावा, त्याला कुशीवर वळवा, तोंडात पाणी किंवा कांदा असलं काही घालू नका, श्वास थांबला तर तोंडाने श्वास द्या. आणि तो काही दिवस सोडून परत सुरू करत असेल तर त्याला स्पष्ट सांगा की आधीचा डोस आता त्याला मारू शकतो. हे सांगितलं म्हणजे त्याला परवानगी दिली असं होत नाही ताई, मी त्या २४ वर्षांच्या मुलाला हे पुरेसं ठासून सांगितलं होतं का, हे मला अजून आठवत बसावं लागतं.

तुमच्या एवढ्या मोठ्या प्रश्नात भाऊ स्वतः काय म्हणतो ते कुठेच नव्हतं. त्याला विचारा, ओरडू नका, नुसतं विचारा, की दोन्ही वेळा परत सुरू केलंस त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं होतं. झोप लागली होती का, कोणाचा फोन आला होता, अंग दुखत होतं का. तो जे सांगेल ते लिहून ठेवा आणि डॉक्टरकडे जाताना तो कागद बरोबर न्या, किंवा इथेच खाली लिहा, मी वाचीन.